अपुरी गाणी: जेफ बकलीची दुसरी सीडी ऐकताना

अर्धा_कप | शुक्रवार, २२:४७

मागच्या रविवारी कपाट आवरताना जेफ बकलीचा 'स्केचेस फॉर माय स्वीटहार्ट द ड्रंक' हा दोन सीड्यांचा संच सापडला. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेला. तेव्हाच्या पगारात ती किंमत म्हणजे आठवड्याची मेस. त्यामुळे पहिल्यांदा ऐकल्यावर झालेला पश्चात्तापही लख्ख आठवला. घरात आता सीडी वाजवायला काही उरलेलं नाही, जुन्या गाडीत तेवढा प्लेअर आहे. खाली पार्किंगमध्ये काचा वर करून दोन्ही सीड्या सलग ऐकल्या. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

बकली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हा टिम बकली या गायकाचा मुलगा. बाप २८व्या वर्षी गेला तेव्हा हा आठ वर्षांचा होता, आणि बापाचा सहवास जवळजवळ नव्हताच. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये 'शिने' नावाच्या एका इवल्याशा कॅफेत एकटा गिटार घेऊन गायचा. १९९४ साली 'ग्रेस' आला. जिवंतपणी पूर्ण केलेला स्टुडिओ अल्बम हा एवढाच.

दुसऱ्या अल्बमसाठी 'टेलिव्हिजन' बँडचा टॉम व्हर्लेन निर्माता म्हणून आला. न्यूयॉर्क आणि मेम्फिसमध्ये बरंच रेकॉर्डिंग झालं, पण बकलीला ते पटेना. त्याने बँडला परत पाठवलं आणि स्वतः मेम्फिसलाच भाड्याच्या घरात राहून चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर एकट्याने गाणी घडवत बसला. २९ मे १९९७. बँड पुन्हा रेकॉर्डिंगसाठी मेम्फिसला यायला निघालेला, आणि हा संध्याकाळी कपड्याबुटांसकट वुल्फ नदीत उतरला. एक बोट गेली, तिच्या लाटा आल्या, पुन्हा हा दिसला नाही. सहा दिवसांनी मृतदेह मिळाला. वय ३०.

वर्षभराने हा संच निघाला. पहिल्या सीडीत व्हर्लेनबरोबरची, म्हणजे त्याने बाजूला ठेवलेली गाणी. दुसरीत मुख्यतः ती घरात एकट्याने केलेली.

पंचविशीत मी पहिली सीडी घासून ऐकली आणि दुसरीला भंगार म्हणालो. खरखर, फाटलेला गिटार, मध्येच ओरडा, एका गाण्याला धड तोंड नाही, दुसऱ्याला धड शेवट नाही. पैसे वसूल करायला कंपनीने भरताड घातलीय अशी खात्रीच होती. या रविवारी उलटं झालं. पहिली नेटकी वाटली आणि नेटकेपणाचाच कंटाळा आला. दुसरीत 'ज्युएल बॉक्स' लागलं आणि मी गाडीचा दिवा बंद केला. माणूस एका खोलीत बसून स्वतःलाच गाणं समजावून सांगतोय, आणि त्याला वाटतंय की ऐकणारं कुणी नाही.

आता मूळ प्रश्न. हे ऐकायचं का? त्याने आपल्यासाठी ठेवलेलं नव्हतं. मी विकत घेतलं, ऐकलं, आवडलंही. तरी गाडीतून उतरताना शेजाऱ्याचं पत्र चुकून आपल्या पेटीत आलं आणि आपण फोडून वाचलं असं काहीतरी वाटत राहिलं.

रात्रपाळी | शुक्रवार, २३:०२

+१. मस्त लिहिलंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, कारण चिंचेचा_कोळ आत्ता येईल.

चिंचेचा_कोळ | शुक्रवार, २३:२०

आले.

अर्धा_कप, काचा वर केल्यात ना, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण काय करतोय हे माणसाला बरोबर कळत असतं.

चुकून पेटीत आलेलं पत्र वगैरे काही नाही. कुणीतरी ते पत्र पाकिटातून काढून, छापून, किंमत लावून विकलंय. जिवंतपणी एक अल्बम, आणि मेल्यावर? हा डबल संच, मग मैफलींच्या सीड्या, जुन्या मित्राबरोबरची टेपं, आणि २०१६ साली 'यू अँड आय'. हे शेवटचं म्हणजे तर १९९३ सालच्या चाचण्या. कंपनीने नुकतंच करारबद्ध केलेलं पोर काय काय गाऊ शकतं ते बघायला त्याला स्टुडिओत बसवून घेतलेली गाणी, त्यातली बहुतेक दुसऱ्यांची. नोकरीच्या मुलाखतीची टेप तुमच्या पश्चात कुणी प्रसिद्ध केली तर चालेल तुम्हाला?

मी लेखन करते (पोटापाण्याचं, फार काही ग्रेट नाही). माझे कच्चे खर्डे नवऱ्यालाही दाखवत नाही. अर्धं वाक्य ही माझी खासगी गोष्ट आहे, पूर्ण वाक्य तुमचं.

अर्धा_कप | शुक्रवार, २३:४१

कोळताई, मुलाखतीची टेप हे एकदम मान्य. 'यू अँड आय' मी दोनदा ऐकून सोडून दिला.

पण 'स्केचेस'ची गोष्ट सरळ कंपनीच्या हावरटपणाची नाही. कंपनीला व्हर्लेनवाली गाणी नीट घासूनपुसून नवा अल्बम म्हणून काढायची होती. त्याची आई मेरी गिबर्ट मध्ये पडली. ख्रिस कॉर्नेल हा त्याचा मित्र, साउंडगार्डन बँडवाला, तोही मदतीला होता. अल्बमचं ठरत आलेलं नाव होतं 'माय स्वीटहार्ट द ड्रंक'. त्याच्या पुढे 'स्केचेस फॉर' लावलं गेलं, म्हणजे ही चित्राआधीची रेखाटनं आहेत हे वेष्टनावरच सांगून टाकलं. मुलाला जे पटलं नव्हतं तेवढंच बाहेर गेलं असतं तर ते जास्त वाईट नव्हतं का? शेजारी दुसरी सीडी आहे म्हणून निदान कळतं की तो कुठे निघाला होता.

फेडर_वर | शनिवार, ००:१५

पंधरा वर्षं मिक्सिंगच्या टेबलावर बसतोय, म्हणून एक प्रयोग सुचवतो. 'नाईटमेअर्स बाय द सी' आणि 'न्यू इयर्स प्रेयर' ही दोन गाणी दोन्ही सीड्यांवर आहेत. पहिलीवर नवं मिक्स, दुसरीवर मूळ. हेडफोनवर पाठोपाठ ऐका. गायन तेच, वादन तेच, आणि तरी दोन वेगळी गाणी. आवाज किती पुढे आणायचा, ड्रमला किती खोली द्यायची, गिटार कुठे दाबायचा, हे निर्णय कुणीतरी घेतलेत, आणि ज्याने घ्यायचे तो हजर नव्हता.

बाहेरच्यांना वाटतं रेकॉर्डिंग म्हणजे फोटो, बटण दाबलं की झालं. तसं नसतं. मल्टिट्रॅक टेप म्हणजे चिरून ठेवलेली भाजी. फोडणी कुणी घातली त्यावर सगळं.

घरच्या चार ट्रॅकच्या टेपचं वेगळं असतं. तिथे जागा नसते म्हणून तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर ढकलायचे आणि रिकामे झालेले तीन पुन्हा वापरायचे. प्रत्येक ढकलण्यात खरखर वाढते, वरचे सूर मंदावतात आणि एकदा एकत्र झालेलं पुन्हा सुटं होत नाही. म्हणजे त्या टेपवरचा समतोल गाणाऱ्यानेच पक्का केलेला असतो, नंतरच्या माणसाला ढवळाढवळ करायला फार वाव नसतो. अर्धा_कपना दुसरी सीडी 'त्याची' वाटली त्यामागे भावना असेलच, पण हे एक तांत्रिक कारणही असणार.

रात्रपाळी | शनिवार, ००:१९

चिरून ठेवलेली भाजी! एकदम सहमत. भूक लागली.

सुरपेटी | शनिवार, ०७:३०

सकाळचा चहा घेता घेता धागा वाचला. हा बकली मला माहीत नव्हता. नातीने लावून दिला. तिने आधी लावलं ते त्याच्या त्या कॅफेतलं 'ये जो हलका हलका सुरूर है'. उच्चार ऐकून हसू आलं, मग हसू थांबलं. पोरगा अमेरिकन, भाषा येत नाही, पण नुसरतच्या गाण्यातली चढण त्याने कुठून तरी आत ओढून घेतली आहे. नातीने सांगितलं की गाण्याआधी तो श्रोत्यांना म्हणतो, नुसरत हा माझा एल्व्हिस.

त्यावरून सांगतो. नुसरत फतेह अली खाँ गेले ते त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९९७ला, म्हणजे हा पोरगा बुडाला त्यानंतर अडीच महिन्यांनी. आणि २०२४ साली नुसरतसाहेबांचा 'चेन ऑफ लाइट' आला. १९९० साली इंग्लंडात पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत केलेलं ध्वनिमुद्रण, चार कव्वाल्या. टेपा तीसेक वर्षं त्यांच्या साठ्यात पडून होत्या. तो ऐकताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे अपुरं आहे किंवा आपण चोरून ऐकतोय.

मला वाटतं हा फरक गाण्याच्या घडणीतला आहे. आपल्याकडे ख्याल 'पुरा' कधी होतो? आज यमन गायलात, उद्या पुन्हा यमनच गायचा. आजचा काही उद्याच्याचा खर्डा नसतो. अमीर खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. त्यांच्या खासगी बैठकांच्या टेपा आजही या हातातून त्या हातात फिरतात. कुठे सुरुवात नाही, कुठे टेप संपली म्हणून द्रुत तुटलेली. आम्ही त्या तुटलेल्या जागेपर्यंत ऐकतो, पुन्हा मागे जातो. तिथे अपुरी पडते ती टेप.

आणि उलट बाजूला भास्करबुवा बखले. १९२२ला गेले, एकही तबकडी नाही. त्यांच्या गाण्याबद्दल शिष्यांनी जे सांगितलं तेच आपल्याकडे. बुवांची पाच मिनिटांची, अगदी घसा बसलेल्या दिवसाची टेप जरी कुठे मिळाली तरी मी चिंचेचा_कोळ यांची परवानगी न घेता ऐकेन.

चिंचेचा_कोळ | शनिवार, ०९:०५

काका, परवानगी दिली.

पण तुमच्या उदाहरणात एक खोच आहे. अमीर खाँसाहेब त्या बैठकीत लोकांसमोर गात होते. गाणं ऐकवायलाच बसले होते. बकली खोलीत एकटा होता. बैठकीची टेप आणि रियाजाची टेप एक कशी? पहाटे खर्ज लावताना बुवांचा आवाज चिरकलेला कुणी टेप केला असता तर?

आणि केसरबाई केरकर! ध्वनिमुद्रणाबाबत किती काटेकोर. आवाज कुठे जाणार, कोण ऐकणार, यावर बाईंची करडी नजर. (अवांतर: त्यांचा 'जात कहां हो' १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेला आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. नजरेच्या पार म्हणतात ते हे.) कलाकार काय द्यायचं ते ठरवतो तसं काय नाही द्यायचं तेही ठरवतो. दुसरं ठरवणं कलेतच मोडतं असं माझं मत.

सुरपेटी | शनिवार, ०९:४०

रियाजाची टेप एक नाही, हे कबूल. विचार करतो.

न्यूजर्सीकर | शनिवार, १०:२२ (इकडे रात्र)

'नाऊ अँड देन'चा विषय अजून कसा निघाला नाही?

बीटल्स बँडच्या जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीतल्या घरी पियानोवर बसून कॅसेटवर गायलेलं गाणं. ८ डिसेंबर १९८०ला त्याच इमारतीच्या दारात त्याचा खून झाला. १९९४ साली योको ओनोने कॅसेटी पॉल मॅकार्टनीकडे दिल्या. उरलेल्या तिघांनी त्यातून 'फ्री ॲज अ बर्ड' आणि 'रिअल लव्ह' पूर्ण केली. 'नाऊ अँड देन' हातात घेतलं आणि सोडून दिलं. टेपवर विजेची घूं होती, आवाज पियानोत बुडालेला, आणि जॉर्ज हॅरिसनला गाणंच पसंत नव्हतं. २००१ला जॉर्ज गेला. पुढे पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक' मालिकेसाठी त्याच्या लोकांनी मिसळलेले आवाज वेगळे करणारं तंत्र बनवलं, ते या कॅसेटला लावलं, आणि लेननचा आवाज पियानोपासून स्वच्छ सुटला. २ नोव्हेंबर २०२३ला गाणं आलं. १९९५ साली जॉर्जने वाजवलेला गिटारही त्यात आहे.

मी एडिसनमधल्या ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ऐकलं. (पार्किंगचं आणि मेलेल्या गायकांचं काय नातं आहे कोण जाणे.) डोळ्यांत पाणी आलं. ऐंशीच्या घरातला पॉल, चाळिशीही न गाठलेल्या जॉनच्या आवाजाला आवाज देतोय. तंत्र, पैसा सगळं मान्य, पण जिवंतपणी भांडलेल्या दोन मित्रांना एका गाण्यात आणलं ना?

चिंचेचा_कोळ | शनिवार, १०:५०

आणि ज्याला ते गाणं नको होतं त्या तिसऱ्या मित्राला? तो गेल्यावर त्याचाच गिटार वापरून ते पूर्ण केलं. जॉनला तर विचारता येणारच नव्हतं. जॉर्जने सांगितलं होतं, तरी उपयोग झाला नाही. बहुमत म्हणजे काय, तर जे जिवंत आहेत ते.

न्यूजर्सीकर | शनिवार, ११:०८

हा बाण वर्मी बसला. खरंच असा विचार केला नव्हता. जॉर्जच्या बायकोची आणि मुलाची संमती होती एवढंच म्हणू शकतो. पण हो, संमती त्यांची.

फेडर_वर | शनिवार, ११:३५

अजून एक. त्या गाण्यात लेननच्या कॅसेटवर असलेला एक तुकडा गाळलाय. ज्यांनी जुनी चोरटी टेप ऐकली आहे त्यांना तो तुकडा लागतो तिथे आजही खड्डा जाणवतो. माझ्या मते तोच गाण्याचा सगळ्यात नाजूक भाग होता, जरा भरकटलेला, लेनन अजून शोधतोय असा. पूर्ण करणाऱ्याला सगळ्यात आधी हे शोधणंच नकोसं होतं.

स्वच्छ केलेला आवाज मला थोडा भीतीदायकही वाटतो. घूं गेली, खोली गेली, पियानो गेला. उरलेला आवाज कुठे बसून गातोय ते कळत नाही.

पियानो_शिकतेय | शनिवार, १२:१०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मोत्सार्टचं 'रेक्विएम' आठवलं. १७९१ला तो गेला तेव्हा अर्धंमुर्धं होतं. ज्या सरदाराने ते करायला सांगितलं होतं त्याने निम्मे पैसे आगाऊ दिलेले, आणि उरलेले मिळायला पूर्ण काम हातात द्यायला हवं होतं. बायकोपुढे दोन लहान मुलं आणि कर्ज. तिने आधी एकाला दिलं, त्याला जमेना, मग झ्यूसमायर या मोत्सार्टच्या हाताखालच्या माणसाकडून पूर्ण करून घेतलं. आज सव्वादोनशेहून जास्त वर्षं जग ते ऐकतंय आणि 'इथे मोत्सार्ट संपतो' म्हणून बोट ठेवतंय. वारस पैशासाठी करतात असं म्हणताना मला ती कोन्स्टान्झे दिसते.

आणि शूबर्टची 'अपुरी' सिंफनी तर गमतीची. १८२२ साली सुरू केली, दोन भाग लिहिले आणि सोडून दिली. तो त्यानंतर सहा वर्षं जगला! म्हणजे अपुरं राहायला मरावंच लागतं असं नाही.

रात्रपाळी | शनिवार, १२:१६

माझा घराचा इंटिरिअरवाला शूबर्टच निघाला. (दिवे घ्या.)

बरं, थोडं गंभीर. मदन मोहन कसे विसरलात सगळे? १९७५च्या जुलैत ते गेले. 'लैला मजनू' अर्धवट होता, जयदेवनी पूर्ण केला. पण खरी गंमत २००४ची. घरात जपलेल्या, कधी वापरल्या न गेलेल्या त्यांच्या चाली मुलाने, संजीव कोहलींनी, बाहेर काढल्या आणि त्यावर 'वीर-झारा' उभा राहिला. शब्द नवे, जावेद अख्तरांचे. वाद्यमेळ नवा. आणि गायला लताबाई, ज्या त्यांना मदनभैया म्हणायच्या, पंचाहत्तरीच्या. आईला थिएटरात घेऊन गेलो होतो. ती पूर्ण सिनेमाभर पडद्याकडे न बघता डोळे मिटून बसली होती.

आपल्याकडे चाल वेगळी आणि गाणं वेगळं. चाल पेटीवर घडलेली असते, ती कुणीही उचलून पुढे नेऊ शकतो. बकलीचा आवाजच गाणं आहे, तो कसा पुढे नेणार?

सुरपेटी | शनिवार, १३:४५

रात्रपाळी, हे फार बरोबर बोललात. बंदिशीचंही तेच. बंदिश गुरूच्या पश्चात शिष्याच्या गळ्यात पुरी होत राहते आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

(वामकुक्षीनंतर पुढचं.)

कलम_५७ | शनिवार, १५:३०

वकिली चष्म्यातून दोन ओळी. आपल्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना 'परफॉर्मर' म्हणून वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा. २०१२च्या दुरुस्तीपासून त्यांना नैतिक हक्कही आहे, म्हणजे आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेता येते. पण 'मला हे प्रसिद्धच करायचं नव्हतं' ही इच्छा मृत्यूपत्रात किंवा करारात स्पष्ट नसेल तर ती वारसांच्या मर्जीवर. म्हणून गाणाऱ्यांनो, टेपा कुणाच्या आणि त्यांचं काय करायचं, हे लिहून ठेवा.

२०२४ साली रहमानने 'लाल सलाम'मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने घडवून वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, मानधन दिलं असं त्याने जाहीर सांगितलं. शाहुल हमीद गेले १९९७ला. त्यांनी हे गाणं ऐकलेलंही नव्हतं, अर्धं सोडणं तर दूरच.

चिंचेचा_कोळ | शनिवार, १५:५२

बघा, त्यापुढे बकलीची खरखरीत सीडी मला एकदम सोज्वळ वाटायला लागली. निदान गायला तो स्वतः तरी.

अर्धा_कप | शनिवार, १८:२०

एक भीती मला स्वतःबद्दलही आहे. 'नाईटमेअर्स बाय द सी'मध्ये लाटांखाली माझ्याबरोबर राहा अशा अर्थाची ओळ आहे. ती ऐकली की काटा येतो. पण तो काटा गाण्याने आणलेला की नदीने? १९९७च्या मार्चमध्ये ऐकली असती तर रॉकवाल्यांचा नेहमीचा समुद्र म्हणून सोडून दिली असती. आपण मेलेल्या माणसाच्या गाण्यात शकुन शोधत बसतो. दुसऱ्या सीडीच्या शेवटी 'सॅटिस्फाइड माइंड' आहे, निरोपाचं वाटतं, त्याच्या अंत्यविधीलाही वाजवलं होतं. प्रत्यक्षात ते १९९२ सालचं, रेडिओवर गायलेलं. 'ग्रेस'च्याही आधीचं. क्रम लावणाऱ्याने ते शेवटी ठेवलं आणि आपण रडलो.

म्हणजे फेडर_वर म्हणतात ती फोडणी नुसती आवाजाची नसते, क्रमाचीही असते.

घाटावरची | शनिवार, २१:३३

दोन दिवस नुसती वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे वडील गाणं शिकवायचे. नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, तालुक्याच्या गावात शिकवण्या, वर्षातून दोन-चार कार्यक्रम. त्यांना जाऊन या मार्गशीर्षात नऊ वर्षं होतील. माळ्यावर बुटांच्या खोक्यात १४ कॅसेटी निघाल्या. पुण्यतिथीला त्यातलं निवडक यूट्यूबवर टाकावं असं दादाचं आणि त्यांच्या शिष्यांचं ठरतंय. डेकचा बेल्ट गळून गेला होता, दुरुस्त करून आणला आणि मी एकेक ऐकायला बसले.

बाकी सगळ्यांवर शिकवणी आहे, मुलींचे आवाज, मध्येच आईचं 'चहा ठेवलाय'. एकीवर मात्र ते एकटेच आहेत. मुलतानी. तानपुरा आणि ते, तबला नाही. असं गाताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. शिकवताना ते सरळ, मोजकं गायचे. इथे एकाच जागेवर, कोमल रिषभावर, पुन्हा पुन्हा येतायत आणि त्यांना हवं ते मिळत नाहीये. दहा-बारा मिनिटांनी थांबतात आणि स्वतःशीच म्हणतात, "छे. नाही जमत." पुन्हा सुरू करतात.

दादाला हेच टाकायचंय, कारण तेच सगळ्यात चांगलं आहे. आहेच. पण ते 'नाही जमत' तो कापणार म्हणतोय, आणि माझा जीव तिथे अडकलाय. ठेवलं तर त्यांची फजिती होते का? कापलं तर मग ते काय उरलं?

सुरपेटी | शनिवार, २२:०५

ताई, सकाळी मी 'विचार करतो' म्हणालो होतो ना, तो विचार तुम्ही अवघड करून ठेवलात.

मुलतानीचा रिषभ आयुष्यभर छळतो. त्याची उतरती जागा मलाही अजून सापडलेली नाही, आणि सापडल्याचं ढोंग मी चाळीस वर्षं कार्यक्रमांत केलंय. तुमच्या वडिलांनी ते टेपसमोरही केलं नाही. माझ्या हातात असतं तर मी जाहीर टाकलं नसतं. पण त्यांच्या शिष्यांना एका खोलीत बसवून एकदा ऐकवलं असतं, काहीही न कापता.

चिंचेचा_कोळ | शनिवार, २२:१८

मी आज दिवसभर फार ठामपणे बोलले. इथे नाही बोलवत. फक्त एवढंच, ते कापू नका. टाकायचं नसेल तर अख्खं टाकू नका.

फेडर_वर | शनिवार, २२:३०

आधी कामाचं. मूळ कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवू नका. हेड स्पिरिटने पुसून घ्या, कॅसेट दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा म्हणजे चिकटलेली फीत सुटते. आवाज दबलेला वाटला तर डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो केसभर फिरवून वरचे सूर उघडतात का बघा, पण हे जाणकाराकडूनच. संगणकावर उतरवताना २४ बिटला घ्या आणि ती पहिली प्रत कधीच साफ करू नका. साफ करायची ती दुसरी प्रत. आणि नेटवर टेपा ओव्हनमध्ये भाजायचे सल्ले दिसतील. ते काही विशिष्ट जुन्या स्पूल टेपांसाठी असतात. कॅसेट भाजू नका!

पुढे काय आहे त्या मुलतानीत? दुसऱ्यांदा सुरू केल्यावर?

घाटावरची | रविवार, ००:१०

तेच सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा सुरू करतात, या वेळी संथ, खालून येतात. मी श्वास रोखून बसले होते. रिषभाच्या अलीकडे आले आणि खट्ट आवाज. पुढे रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री. बाजू संपेपर्यंत कॉमेंट्रीच.

दादाला फोन केला. आधी गप्प. मग म्हणाला, तेव्हा घरात कोरी कॅसेट नव्हती गं, आणि अण्णांनीच ही काढून दिली होती. म्हणाले, 'हिच्यावर घे, हिच्यात काही नाहीये.'

फेडर_वर, ते लेननचं आवाज वेगळे करणारं तंत्र इथे चालेल का? खालचं काही निघेल?

फेडर_वर | रविवार, ००:२१

नाही हो ताई. ते तंत्र मिसळलेलं सुटं करतं. इथे मिसळलेलं नाही. रेकॉर्ड दाबलं की आधी इरेज हेड फीत कोरी करतं आणि मग नवं उमटतं. खाली काही नाही.

रात्रपाळी | रविवार, ००:२४

मॅच कुठली आहे?

घाटावरची | रविवार, ००:३१

नागपूर, १९८७चा वर्ल्डकप, न्यूझीलंड. गावस्करचं शतक.

रात्रपाळी | रविवार, ००:३३

३१ ऑक्टोबर १९८७!! वनडेतलं त्याचं एकमेव शतक, नाबाद १०३, आणि त्याच मॅचला चेतन शर्माची हॅटट्रिक. मी तेव्हा पाचवीत होतो. ताई, हॅटट्रिक आहे का त्यावर?

घाटावरची | रविवार, ००:४०

दादाही हेच विचारत होता. हॅटट्रिक नाही, गावस्कर ९०च्या पुढे गेल्यावर कॅसेट संपते. शंभर होत नाहीत.

तो म्हणतोय यूट्यूबवर ही बाजू टाकायची तर पूर्ण टाकू, कॉमेंट्रीसकट. मी म्हटलं उद्या बोलू. आई उठलीय, एवढ्या रात्री कोण गातंय विचारतेय.